एमओटीच्या रॅम्पवर टेस्टर काय बघतो?

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी इंग्लंडात आलेली कुटुंबं पहिल्या वर्षी बहुधा जुनीच गाडी घेतात. सात-आठ वर्षं वापरलेली छोटी हॅचबॅक मुलांना शाळेत सोडायला आणि शनिवारी किराणा आणायला पुरते. इन्शुरन्स होतो, रोड टॅक्स भरला जातो आणि विकणारा जाता जाता सांगतो, "एमओटी मार्चपर्यंत आहे." या वाक्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, आणि त्यात नवल नाही. भारतात नवी खाजगी गाडी घेतली की पंधरा वर्षं फिटनेस तपासणीचा प्रश्नच येत नाही. पीयूसी काढली की भागतं. आरटीओत गाडी पासिंगला नेणं हे रिक्षा-टॅक्सी-टेम्पोवाल्यांचं काम, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ब्रिटनमध्ये मात्र गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी ही फिटनेसची परीक्षा द्यावीच लागते. उत्तर आयर्लंडात ती चौथ्या वर्षापासून सुरू होते आणि सरकारी केंद्रातच होते. बाकी ब्रिटनमध्ये परवाना असलेल्या कुठल्याही गॅरेजात ती करून घेता येते.

ही तपासणी १९६० साली सुरू झाली. तेव्हा फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्या तपासत आणि ब्रेक, दिवे आणि स्टीअरिंग एवढंच बघत. पण इतक्या गाड्या नापास झाल्या की पुढच्याच वर्षी वयाची अट सात वर्षांवर आली आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर. आज टेस्टरसमोर जे नियमपुस्तक असतं त्यात ब्रेकपासून धुरापर्यंत सगळं मिलिमीटर आणि टक्क्यांत लिहिलेलं असतं. ते सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतं. टेस्टरच्या मर्जीवर काही चालत असेल ही शंका म्हणूनच मनातून काढून टाका. काय बघणार आहेत हे तुम्हाला आधीच कळू शकतं, आणि त्यातलं निम्मं तुम्ही घराच्या दारात उभं राहून स्वतः बघू शकता.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. एमओटी पास झाली म्हणजे गाडी ठणठणीत आहे, असं नाही. टेस्टर इंजिनची, क्लचची, गिअरबॉक्सची प्रकृती बघत नाही. एसी बघत नाही. गाडीचा एकही भाग तो खोलत नाही. डोळ्यांना दिसेल, हाताने हलवून कळेल आणि यंत्रावर मोजता येईल तेवढंच तो तपासतो, तेही त्या एका दिवसापुरतं. टायमिंग बेल्ट तुटायच्या बेतात असलेली गाडी सकाळी एमओटी पास होऊन संध्याकाळी मोटरवेवर बंद पडू शकते, आणि त्यात टेस्टरची काही चूक नसते. सर्व्हिसिंग वेगळं, एमओटी वेगळी. पैसे वाचवायला सर्व्हिसिंग टाळून नुसत्या एमओटीवर गाडी चालवणारी मंडळी पुढे मोठ्या खर्चात पडतात.

आता घरच्या तपासणीकडे वळू. दर चार गाड्यांमागे निदान एक पहिल्या फेरीत नापास होते आणि त्यात दिव्यांचा वाटा फार मोठा असतो. एखाद्या बल्बपायी नापास होणं जिवावर येतं. संध्याकाळी गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करा आणि सगळे दिवे लावून फेरी मारा. पुढचे, मागचे, चारही इंडिकेटर, मागचा फॉग लॅम्प. ब्रेकचे दिवे बघायला कुणाला तरी मागे उभं करा. मागच्या काचेजवळचा तिसरा ब्रेक लाइटही मोजला जातो. नंबर प्लेटवरचा इवलासा दिवा सगळ्यात जास्त विसरला जातो. हेडलाइटचा झोत किती खाली, किती बाजूला पडतो हे टेस्टर यंत्र लावून बघतो, तेवढं घरी जमत नाही. एक गोष्ट मात्र करू नका. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये ऑनलाइन मागवलेले झगझगीत एलईडी बल्ब बसवू नका. समोरच्याच्या डोळ्यांवर तिरीप जाते आणि गाडी नापास होते.

नंबर प्लेटवर चिखल नको, तडा नको, आणि अक्षरांशी खेळ तर अजिबात नको. ४१४१ मधून ‘दादा’ वाचायला लावण्याची आपल्याकडची हौस इथेही काहींना असते. अक्षरं सरकवून नाव तयार केलं की गाडी नापास झालीच म्हणून समजा.

मग आत बसा. प्रत्येक सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, कडा उसवल्यात का, कुठे चीर गेली आहे का बघा. झटक्याने ओढल्यावर तो अडतो का आणि सोडल्यावर आपोआप आत जातो का, हेही पाहा. मागच्या सीटवर मुलांची खुर्ची कायम बांधलेली असेल तर तपासणीच्या दिवशी काढून ठेवा, कारण तिच्याखालचा बेल्ट टेस्टरला नीट बघता येत नाही. हॉर्न वाजवा. वायपर फिरवा. काचेवर ओरखड्यांसारख्या रेघा राहत असतील तर रबर बदला. वॉशरचं पाणी भरा. ते संपलं म्हणूनही गाडी नापास होते, आणि पाच मिनिटांच्या कामासाठी दुसरी खेप पडते.

पुढच्या काचेबद्दल नियम नेमका आहे. स्टीअरिंगच्या समोर, वायपर फिरतो त्या भागात, २९० मिलिमीटर रुंदीची एक पट्टी धरतात. त्या पट्टीतली खूण १० मिलिमीटरपेक्षा मोठी चालत नाही. वायपरच्या उरलेल्या भागात ती ४० मिलिमीटरपर्यंत चालते. मोटरवेवर खडी उडून पडलेली बारीक टिकली थंडीत पसरत जाते. लहान आहे तोवर भरून घेतली तर पुष्कळदा इन्शुरन्समधूनच काम होतं. आरशाला लटकवलेल्या माळा, तोरणं, सुगंधी पुठ्ठे काढून ठेवा. डॅशबोर्डवरच्या गणपतीची मूर्ती लहान असेल तर तो बसू दे, पण समोरचा रस्ता झाकणारी कुठलीही वस्तू टेस्टर नोंदवू शकतो, आणि त्याने नोंदवलं नाही तरी चालवणाऱ्याने ती तिथे ठेवू नये.

चावी फिरवली की डॅशबोर्डवर इशाऱ्याचे दिवे लागतात आणि गाडी सुरू झाल्यावर विझतात. एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टीअरिंग, टायरची हवा, इंजिन, यांतला एकही पेटलेला राहता कामा नये. २००३ च्या जुलैनंतरची पेट्रोल गाडी आणि २००८ च्या जुलैनंतरची डिझेल गाडी नुसत्या इंजिनच्या दिव्यावर नापास होते. जुनी गाडी विकत घेताना याच्या उलट बाजूकडेही लक्ष द्या. चावी फिरवल्यावर जो दिवा लागायलाच हवा तो मुळात लागलाच नाही, तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. टेस्टर हेही बघतो.

टायरवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकी सगळं ठीक असूनही पावसात गाडी घसरते ती इथे. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर नक्षीची. ती टायरच्या मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत, पूर्ण घेराभर असायला हवी. त्याहून कमी नक्षी एमओटीत सरळ ‘डेंजरस’ ठरते. रस्त्यात पोलिसांनी पकडलं तर एका टायरमागे २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट होऊ शकतात. चारही गोटा झाले असतील तर हिशेब तुम्हीच करा. घरच्या घरी मोजायला २० पेन्सचं नाणं पुरतं. ते खाचेत उभं खुपसा. नाण्याची बाहेरची कड दिसत राहिली तर टायर संपत आला आहे असं समजा. एकाच जागी बघू नका, तीन-चार ठिकाणी बघा, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून टायरची आतली कडही बघा. अलाइनमेंट बिघडलेलं असलं की टायर बाहेरून नवा दिसतो आणि आतून गुळगुळीत झालेला असतो. बाजूच्या भिंतीला टेंगूळ आलं असेल तर ते खड्ड्याने दिलेलं असतं, आणि आतले धागे तुटल्याची ती खूण असते. असा टायर एमओटीची वाट न बघता त्याच दिवशी बदला. स्टेपनी तपासणीत धरत नाहीत. पुष्कळ नव्या गाड्यांना ती नसतेच.

माझं मत विचाराल तर १.६ ची वाट बघूच नये. इथला पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही, पण वर्षाचे बारा महिने रस्ता ओला ठेवतो. नक्षी ३ मिलिमीटरवर आली की टायर बदलायला लागावं.

गॅरेजात गेल्यावर गाडी आधी ब्रेकच्या रोलरवर चढते. ही पाच मिनिटं बघण्यासारखी असतात. पुढची दोन चाकं जमिनीतल्या फिरत्या रोलरमध्ये बसतात. चाकं जागच्या जागी फिरत असताना टेस्टर हळूहळू ब्रेक दाबतो आणि डाव्या-उजव्या चाकाचे आकडे समोर वेगवेगळे चढत जातात. दोन्ही बरोबरीने चढले की ठीक. एक मागे पडला तर त्या बाजूचा ब्रेक अडकलेला किंवा झिजलेला असतो, आणि जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणार हे नक्की. दोन चाकांतला फरक ३० टक्क्यांपेक्षा जास्त असला की नापास. सगळ्या चाकांचा जोर मिळून गाडीच्या वजनाच्या निदान ५० टक्के भरायला हवा. १ सप्टेंबर २०१० पासून रस्त्यावर आलेल्या गाड्यांना ५८ टक्के लागतो आणि हँडब्रेकला १६ टक्के. पॅड दीड मिलिमीटरपेक्षा पातळ झालेले दिसले तरी नापास.

इथे आपल्या लोकांचा एक खास प्रश्न येतो. डिसेंबरात चार-पाच आठवडे भारतात जायचं, गाडी घरासमोर ओल्या थंडीत उभी, आणि परत आल्याबरोबर एमओटी. तेवढ्या काळात ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, हँडब्रेक चिकटतो, कधी बॅटरी उतरते. परत आल्यावर चार दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक व्यवस्थित वापरा, मग तपासणीला न्या. त्याहून बरं म्हणजे जाण्याआधीच उरकून टाका. मुदत संपायच्या आधी एक दिवस कमी एक महिना, एवढ्या काळात कधीही एमओटी केली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. मुदत २० मार्चला संपत असेल तर २१ फेब्रुवारीपासून करता येईल. मुदत प्रवासात संपत असेल तर त्याहूनही आधी करा. पुढची तारीख अलीकडे येते, एवढाच तोटा.

रोलरनंतर गाडी रॅम्पवर वर जाते, आणि खरी परीक्षा तिथे होते. टेस्टर दिवा घेऊन खाली उभा राहतो. चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवतो. बेअरिंग किंवा बॉल जॉइंट ढिला असेल तर ते हाताला कळतं. स्टीअरिंगच्या आणि ड्राइव्हशाफ्टच्या टोकांवरचे रबरी बूट फाटलेत का, शॉकअपमधून तेल गळतंय का, हे बघतो. सस्पेन्शनची स्प्रिंग तुटलेली असणं इथे फार नेहमीचं आहे. खड्डे आहेतच, आणि हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ लोखंड खातं. बहुधा स्प्रिंगचं खालचं टोकच तुटतं आणि गाडी तशीच चालत राहते. सावकाश वळताना खट् असा आवाज येऊ लागला किंवा गाडी एका कोपऱ्यात किंचित बसलेली दिसली, तर एमओटीआधीच दाखवून घ्या.

मिठाचा दुसरा बळी म्हणजे गाडीचा सांगाडा. टेस्टरकडे गंज तपासायचं छोटं अवजार असतं. त्याने तो पत्र्यावर हलकेच ठोकत जातो. चांगला पत्रा खणखणतो आणि सडलेला बद्द वाजतो. सगळ्याच गंजावर गाडी नापास होत नाही. दाराच्या कडेचा गंज कुरूप दिसतो, तेवढंच. पण सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक किंवा सीट बेल्ट जिथे सांगाड्याला बसवलेले असतात त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा सडलेला असेल तर गाडी नापास. तिथे पुट्टी भरून रंग मारलेला चालत नाही. नवा पत्रा सलग वेल्डिंग करूनच जोडावा लागतो. जुनी गाडी घेताना वरचा रंग चमकतोय म्हणून भुलू नका. जमलं तर पैसे देऊन का होईना, गाडी कुणाकडून तरी रॅम्पवर चढवून खालून बघून घ्या.

गळतीलाही मोजमाप आहे. पाच मिनिटांत जमिनीवर ७५ मिलिमीटरपेक्षा रुंद डबकं साचलं तर गाडी नापास होते.

धुराच्या तपासणीला इंजिन गरम हवं. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन मोजतात. डिझेलच्या गाडीला काजळीचा फिल्टर असेल तर धूर डोळ्यांना दिसताही कामा नये, आणि तो फिल्टर कुणी काढून टाकलेला असेल तर नापास. शाळा, दुकान, घर अशा दोन-दोन मैलांच्या फेऱ्या मारणाऱ्या डिझेल गाडीचा फिल्टर काजळीने तुंबतो. तपासणीच्या आदल्या दिवशी अर्धा तास मोटरवेवर चालवून आणलं तर तो बराच मोकळा होतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांची धुराची तपासणी होत नाही, बाकी सगळी होते.

गाडी नेताना डिक्की रिकामी करा, चिखल धुऊन काढा आणि टाकीत पुरेसं इंधन ठेवा. गाडी फार घाण असेल, सामानाने भरलेली असेल, बॉनेट उघडत नसेल, तर टेस्टर तपासणीच नाकारू शकतो. फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड घेता येते, त्याहून कमीही असते. तपासणी चालू असताना ती बघण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि गॅरेजात त्यासाठी जागा ठेवलेली असते. मध्ये बोलून टेस्टरला अडवू नका, पण संपल्यावर विचारा आणि जागा दाखवायला सांगा. उच्चार चुकेल, तांत्रिक शब्द कळणार नाहीत म्हणून आपली माणसं गप्प राहतात आणि कागद घेऊन घरी येतात. कृपा करून असं करू नका. चांगला टेस्टर बोट ठेवून दाखवतो.

कागदावर दोषांचे प्रकार २०१८ पासून वेगळे लिहिलेले असतात. ‘डेंजरस’ म्हणजे दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवायचीच नाही. जुनं प्रमाणपत्र अजून चालू असलं तरीही नाही. ‘मेजर’ म्हणजे नापास. ‘मायनर’ म्हणजे पास, पण लवकर दुरुस्त करा. आणि शेवटी ‘ॲडव्हायझरी’, जी बहुतेकजण घडी घालून कप्प्यात टाकतात. माझ्या मते सगळ्या कागदावर सर्वांत मोलाच्या याच ओळी असतात. ‘मागचे टायर मर्यादेच्या जवळ’, ‘ब्रेकच्या पाइपवर हलका गंज’ असं लिहिलेलं असेल तर पुढच्या वर्षी काय नापास होणार ते आज कळलं. त्या ओळींवरून वर्षभराचा खर्च आखता येतो, घाईत पडेल त्या भावाला काम करून घ्यावं लागत नाही.

नापास झाल्यावर दुरुस्ती त्याच गॅरेजात करावी अशी सक्ती नाही. ‘डेंजरस’ काही नसेल आणि जुनी मुदत शिल्लक असेल तर गाडी नेऊन दुसरीकडे भाव विचारता येतो. मात्र ती रस्त्यावर चालवण्याजोगी असायलाच हवी. गाडी तिथेच ठेवून दुरुस्त केली आणि दहा कामाच्या दिवसांत फेरतपासणी झाली तर तिचे पैसे पडत नाहीत. बाहेर नेऊन दहा कामाच्या दिवसांत परत आणली तर अर्ध्या फीपर्यंत पडतात, आणि काही ठरावीक किरकोळ दोषांसाठी लगेच पुढच्या कामाच्या दिवसअखेरपर्यंत आणली तर काहीच नाही. दुरुस्तीचं गिऱ्हाईक मिळवायला दोष काढतात अशी धास्ती असेल तर नगरपालिकेच्या म्हणजे कौन्सिलच्या तपासणी केंद्रात जा. तिथे तुमची गाडी दुरुस्त करून पैसे मिळवण्यात सहसा कुणाचा फायदा नसतो. निकाल चुकीचा वाटला तर चौदा कामाच्या दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. त्याआधी दुरुस्ती मात्र करू नका, नाहीतर दाखवायला पुरावाच उरत नाही.

मुदत संपल्यावर गाडी फक्त आधी वेळ घेतलेल्या तपासणीला किंवा दुरुस्तीला नेता येते. एरवी पकडले गेलात तर हजार पौंडांपर्यंत दंड होतो, आणि रस्त्यावरचे कॅमेरे नंबर वाचून हे ओळखतात. अपघात झालाच तर इन्शुरन्स कंपनीच्या हातात आयतं कारण जातं. सरकारी संकेतस्थळावर मोबाइल किंवा ईमेल दिला तर मुदत संपायच्या महिनाभर आधी आठवण येते, तीही फुकट. ती आजच लावून ठेवा.

आणि जुनी गाडी घेणार असाल तर बयाणा देण्याआधी त्याच संकेतस्थळावर तिचा नंबर टाका. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समधल्या गाडीचा २००५ पासूनचा सगळा एमओटी इतिहास समोर येतो. दरवर्षीचे मैल चढते आहेत की मध्येच कमी झालेत, ते आधी बघा. मैल कमी झाले असतील तर मीटर फिरवलेलं असू शकतं. मग ॲडव्हायझरी वाचा. एकच तक्रार तीन वर्षं लागोपाठ लिहिलेली दिसली तर आधीच्या मालकाने गाडीकडे लक्ष दिलेलं नाही. एखाद्या वर्षी नापास होऊन लगेच दुरुस्त केलेली गाडी त्यापेक्षा पुष्कळ बरी.